पिनरचं लँगहॅम आणि शेजारची दोन थिएटरं

लंडनच्या पिनर या उपनगरात ड्राइव्ह-इन थिएटर कधीच नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. बंद पडलेल्या थिएटरांवर पुस्तिका काढायची असं ठरल्यावर आमच्यातल्या मुंबईकरांना पहिलं आठवलं ते वांद्र्याचं ड्राइव्ह-इन. कलानगरच्या बाजूचं ते मैदान, तो अवाढव्य पडदा, एका फियाटमध्ये कोंबलेली दोन बिऱ्हाडं आणि मागच्या सीटवर मध्यंतराच्या आतच झोपी गेलेली पोरं. ते ड्राइव्ह-इन दोन हजार सालानंतर लवकरच बंद झालं. त्या भागात आता बीकेसीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. नोव्हेंबर २०२१मध्ये तिथल्याच एका मॉलच्या गच्चीवर २९० गाड्यांचं नवं ड्राइव्ह-इन निघालं. गच्चीवर गाडी चढवून सिनेमा पाहायचा, ही कल्पना जुन्या वांद्रेकरांना सांगितली तर ते आधी पार्किंगचा दर विचारतील.

मग पिनरच्या पुस्तिकेत ड्राइव्ह-इन कशाला? एवढ्याचसाठी की छोट्या गावाचं थिएटर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर हल्ली अमेरिकन सिनेमातलंच चित्र येतं. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. गाडीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. मागच्या गाडीतल्यांना पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसावा म्हणून जमिनीला उतार द्यायचा, या युक्तीचं त्याने पेटंट घेतलं होतं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या या पहिल्या ड्राइव्ह-इनमध्ये लागलेला पहिला सिनेमा ब्रिटिश होता. थिएटर तीन वर्षांत बंद पडलं, कल्पना मात्र फोफावली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती.

इंग्लंडला सिनेमा देता आला, ड्राइव्ह-इन घेता आलं नाही. त्याला कारण इथलं आकाश. जूनमध्ये पिनरला सूर्य मावळतो सव्वानऊनंतर आणि संधिप्रकाश रेंगाळतो दहा वाजेपर्यंत. म्हणजे उबदार दिवसांत अंधार मिळत नाही आणि अंधार लवकर पडतो त्या दिवसांत गाडीच्या काचा धुक्याने आणि पावसाने भरलेल्या. त्यात जमीन महाग. तरी २०२०च्या उन्हाळ्यात, कोविडने सगळी थिएटरं बंद पाडलेली असताना, लंडनच्या आसपास तात्पुरती ड्राइव्ह-इन निघाली होती. उजेड असेपर्यंत चालावं म्हणून एलईडीचे पडदे वापरावे लागले. एक-दोन हंगामांत तीही बहुतेक गुंडाळली गेली.

तेव्हा आपला विषय आहे छपराखालचं थिएटर. पिनरच्या ब्रिज स्ट्रीटवरचं लँगहॅम हे गावचं थिएटर. ते १९३६मध्ये उघडलं, १९८१मध्ये बंद झालं आणि मग पाडलं गेलं. आज त्या रस्त्यावरून स्टेशनकडे जाताना, इथे कधीकाळी माणसं तिकिटासाठी रांग लावत होती, असं सांगणारं काही नजरेला पडत नाही.

हे गाव तसं काही विसरणाऱ्यांपैकी नाही. पिनरच्या हाय स्ट्रीटवरून चढावर गेलं की दोन्ही बाजूंना जुन्या लाकडी चौकटींची घरं लागतात आणि वर चौदाव्या शतकातलं सेंट जॉनचं चर्च. चर्चच्या आवारात एक विलक्षण थडगं आहे. उंच, निमुळत्या दगडी बांधकामातून, जमिनीच्या बऱ्याच वर, शवपेटीची टोकं बाहेर आलेली दिसतात. बागांची रचना करणाऱ्या जॉन क्लॉडियस लाउडनने ते आपल्या आईवडिलांसाठी उभारलं. अशी तऱ्हेवाईक गोष्टसुद्धा या गावाने जपली. साध्या कामासाठी दोऱ्या, कप्प्या आणि किटल्या यांची भलतीच गुंतागुंतीची यंत्रं चितारणारा हीथ रॉबिन्सन काही वर्षं इथे राहिला, तर त्याचं संग्रहालय २०१६मध्ये इथल्या मेमोरियल पार्कात उभं राहिलं. एल्टन जॉनचा जन्म इथला, हे तर कुणीही भेटलेला पिनरकर पाच मिनिटांत सांगतो. लँगहॅम कुठे होतं हे सांगणारा मात्र शोधावा लागतो.

आणि इथली जत्रा! राजा तिसरा एडवर्ड याने १३३६मध्ये सनद दिली, तेव्हापासूनची ही पिनर फेअर. मे महिन्याच्या शेवटच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी गावातले मुख्य रस्ते बंद होतात आणि पाळणे, झुले, नेमबाजीचे ठेले, कापूस-मिठाई यांनी भरून जातात. रात्री सगळं आवरलं की दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरून बस धावते. आपल्याकडे जत्रेत देव असतो, इथे तो नाही. बाकी धूळ, गोंगाट आणि हरवलेली पोरं सारखीच.

जत्रेचा उल्लेख केला तो सिनेमासाठीच. इंग्लंडात काय नि महाराष्ट्रात काय, गावोगावच्या लोकांनी सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो जत्रेत. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लिश जत्रांतून फिरते बायोस्कोप असत. वाफेच्या इंजिनावर वीज, पुढे बँड आणि नाच, आत तंबूत पाच-दहा मिनिटांची चित्रं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी. म्हणून १९०९च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रोजेक्टरची खोली प्रेक्षकांपासून अलग आणि आगीला दाद न देणारी असावी, असं बंधन आणलं. कापडी तंबूंना ते झेपणारं नव्हतं. सिनेमा पक्क्या भिंतींच्या आत गेला. आपल्याकडे हे घडायला फार वेळ लागला. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि विदर्भातल्या जत्रांत ट्रकमागे प्रोजेक्टर लावून चालणाऱ्या टुरिंग टॉकीज एकविसाव्या शतकातही होत्या. त्यांच्या अखेरच्या वर्षांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६मध्ये कानला गौरवला गेला. गंजलेल्या प्रोजेक्टरकडे मालक कसा पाहतो ते त्यात आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी ही प्रस्तावना बाजूला ठेवून आधी तो पाहावा, मला राग येणार नाही.

१९१२मध्ये दादासाहेब फाळके लंडनला आले ते या संक्रमणाच्या ऐन मध्यात. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना ते कुठल्याही ओळखीविना जाऊन भेटले, त्यांच्या मध्यस्थीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परतले. पुढच्या वर्षी ३ मे रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. सेसिल हेपवर्थचं नाव आज इंग्लंडात सिनेमाचे अभ्यासक सोडले तर कुणाला ठाऊक नसतं. फाळक्यांचं शाळेतल्या पोरालाही असतं.

आता १९३६. हे साल पुस्तिकेत वारंवार येईल. १८८५मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला पोचली होती, पण गाव खरं पालटलं ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. रेल्वे कंपनीने रुळांलगतच्या जमिनींवर घरं बांधवून ‘मेट्रोलँड’ या नावाने त्यांची जाहिरात चालवली. लंडनमध्ये नोकरी, गावात बाग, मधे आगगाडी. शेजारचं रेनर्स लेन हे स्टेशन तर सुरुवातीला मोकळ्या रानात होतं. तिथे गाडी बदलणाऱ्यांना वारा असा झोंबायचा की त्याचं टोपणनाव पडलं ‘न्यूमोनिया जंक्शन’. त्या रानाची काही वर्षांत रांगांमागून रांगा घरं झाली. माणसं आली, पगार आले, शनिवारची संध्याकाळ रिकामी होती. एका वर्षात या पट्ट्यात तीन थिएटरं उघडली, पिनरचं लँगहॅम, हॅरोच्या स्टेशन रोडवरचं डोमिनियन आणि रेनर्स लेनचं ग्रोव्हनर. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्षभर उतरला नाही.

त्या काळच्या इंग्लिश थिएटरातली एक रीत आपल्या माणसांना चमत्कारिक वाटेल. खेळ अखंड चालत. दुय्यम सिनेमा, बातमीपट, मुख्य सिनेमा, पुन्हा दुय्यम सिनेमा. तिकीट काढून कधीही आत शिरायचं. खून झालेला असेल, खुनी पळालेला असेल, तुम्ही तिथून पाहायला लागायचं आणि पुढच्या फेरीत पहिला भाग आला की ‘आपण इथे आलो होतो’ म्हणून उठायचं. पाट्या चुकल्या तर सिनेमा चुकला, असं मानणाऱ्या मराठी घरात वाढलेल्या मला हे अजून पटत नाही. मध्येच दिवे लागत, गळ्यात ट्रे अडकवलेली बाई आइस्क्रीम घेऊन पडद्यापाशी उभी राहायची. दिवसअखेरीला राष्ट्रगीत, आणि ते सुरू होण्याआधी दार गाठायची धांदल. महाराष्ट्राने २००३पासून राष्ट्रगीत सिनेमाच्या आधी लावायला सुरुवात केली. माणूस उठून जाऊ शकत नाही ती वेळ सरकारने बरोबर हेरली.

तिन्ही थिएटरांपैकी डोमिनियन सर्वांत मोठं, अडीच हजार खुर्च्यांचं. ते आणि ग्रोव्हनर, दोन्ही एफ. ई. ब्रोमिज या वास्तुकाराची, आर्ट डेको शैलीतली. रेनर्स लेन स्टेशनातून बाहेर पडून अलेक्झांड्रा अ‍ॅव्हेन्यूवर थोडं खाली गेलं की ग्रोव्हनर दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणारा थबकतो. दोन्ही बाजूंची दुकानं, त्यांवरची घरं सरळ रेषेत, बेताची. त्यांच्या मधोमध हा पांढरा दर्शनी भाग फुगून पुढे आलेला. वळणदार काचेच्या खिडक्या, आणि वरून मध्यभागी खाली उतरत येऊन टोकाला वळलेला एक भलामोठा काँक्रीटचा आकार. पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, हत्तीची सोंड. आपल्याला तर दुसरं काही सुचणंच शक्य नाही. आत शिरल्यावर प्रवेशदालनाच्या मधोमध जमीन गोलाकार खाली घेतलेली आहे. तिथे चहाची टेबलं असत. सिनेमाला आलेल्याने वरच्या कडेवरून चहा पिणाऱ्यांना पाहावं आणि चहा पिणाऱ्यांनी येणाऱ्यांचे कपडे न्याहाळावेत, अशी ती सोय. ब्रोमिजला प्रेक्षक कळत होता. सिनेमा सुरू होण्याआधीच त्याने एक खेळ फुकट दिला होता.

पुढचं सांगायला फार वेळ नको. १९४६मध्ये ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. १९८४मध्ये ५ कोटी ४० लाख. मधल्या काळात घरोघरी टेलिव्हिजन आला, गाडी आली, शेवटी व्हिडिओ आला. १९८१मध्ये लँगहॅम गेलं, १९८६मध्ये ग्रोव्हनर. ते तोवर नाव बदलत ओडियन झालं होतं. डोमिनियनचा दर्शनी भाग साठच्या दशकात जुनाट वाटतो म्हणून पत्र्याच्या आवरणाखाली झाकून टाकला गेला. पुढे थिएटरची वाटणी होऊन एक भाग बिंगोकडे गेला.

याच टप्प्यावर आपली माणसं या गोष्टीत येतात आणि मला या पुस्तिकेत जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं. सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली, त्यातली बरीच वेंब्ली, हॅरो या बाजूला वसली. त्यात गुजराती बहुसंख्य, मराठी थोडे. भारतातून थेट आलेले डॉक्टर, इंजिनिअर आणि नंतर संगणकवाले वेगळेच. या सगळ्यांना हिंदी सिनेमा हवा होता. ब्रिटिश प्रेक्षकाने सोडलेली थिएटरं मोकळी होती. १९९५मध्ये डोमिनियन ‘सफारी’ नावाने उघडलं आणि जवळजवळ पंचवीस वर्षं तिथे हिंदी सिनेमे लागले. पत्र्याआड झाकलेल्या त्या इमारतीत आर्ट डेको काय लपलंय, याची आम्हा प्रेक्षकांना गंधवार्ता नव्हती. आम्ही शाहरुखला पाहायला जात होतो. पण आम्ही जात होतो म्हणून छप्पर टिकलं, दिवे लागले. सफारी बंद झाल्यावर तिथे घरं बांधायचं ठरलं, तेव्हा पत्रा काढला आणि खाली ब्रोमिजची मूळ वळणं शाबूत निघाली. दर्शनी भाग आता पुन्हा उजेडात आहे.

ग्रोव्हनरचं नशीब याहून थोर. काही काळ तिथे मद्यालय चाललं. मग २००० साली ते झोरोअ‍ॅस्ट्रियन ट्रस्ट फंड्स ऑफ युरोपने घेतलं. ही संस्था १८६१मधली, दादाभाई नौरोजी तिच्या संस्थापकांपैकी. आज तिथे पारशी आणि इराणी झरतुष्टी नवरोझ साजरा करतात, लग्नं लावतात, प्रार्थना करतात. मुंबईकराला यात एक जुनी ओळख सापडेल. चर्चगेटसमोरचं इरॉस शियावक्ष कंबाटा यांनी बांधवलं, सोहराबजी भेदवार यांनी त्याचा आराखडा केला आणि १९३८मध्ये ते उघडलं. दोघेही पारशी. म्हणजे मुंबईत पारशांनी आर्ट डेको थिएटर उभारलं आणि लंडनच्या उपनगरात दुसऱ्यांनी उभारलेलं आर्ट डेको थिएटर पारशांनी जगवलं.

यावर कुणी म्हणेल की ग्रोव्हनर वारसा इमारतींच्या यादीत दुसऱ्या श्रेणीच्या वरच्या वर्गात आहे, म्हणून ते वाचलं. यादीमुळे बुलडोझर थांबतो, हे मान्य. पण गळणारं छप्पर यादी दुरुस्त करत नाही. साउथहॉलचं चिनी पॅगोड्याच्या धाटणीचं १९२९चं थिएटर याच श्रेणीत आहे. त्याचा एकदा बाजार झाला, २००१मध्ये ‘हिमालय पॅलेस’ म्हणून तिथे हिंदी सिनेमा परतला, २०१०मध्ये तो बंद होऊन पुन्हा बाजार झाला. इमारत उभी आहे ती कुणीतरी रोज शटर उघडतं म्हणून. आपल्या गिरगावातलं मॅजेस्टिक घ्या. १९३१मध्ये ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, तिथे लागला. याहून मोठा इतिहास थिएटरला असू शकत नाही. १९७२मध्ये ते पाडलं आणि तिथे शॉपिंग सेंटर झालं. आम्ही इतिहासप्रेमी मराठी माणसांनी ते होऊ दिलं, तसंच इतिहासप्रेमी पिनरने लँगहॅमचं होऊ दिलं. पिनरचं दुर्दैव एवढंच, की लँगहॅम रिकामं झालं तेव्हा ते मागायला आमच्यासारखे परके पुरेशा संख्येने इथे आलेले नव्हते. दहा-पंधरा वर्षं दम धरला असता तर ब्रिज स्ट्रीटवर आज कदाचित एखादं मंदिर, सभागृह किंवा हिंदी सिनेमा असता. शेजाऱ्यांनी पार्किंगबद्दल तक्रारी केल्या असत्या, पण इमारत असती.

हे मी आपल्या लोकांची पाठ थोपटायला लिहीत नाही. सफारीला आम्ही पंचवीस वर्षं गेलो आणि त्यातल्या कुणी दर्शनी भागाचा, तिकीट खिडकीचा, समोशाच्या काउंटरचा एक धड फोटो काढून ठेवला नाही. पुस्तिकेसाठी मागणी केल्यावर वाढदिवसांचे, गणपतीचे, केंब्रिजच्या सहलीचे फोटो ढिगाने मिळाले. थिएटरसमोरचे बोटांवर मोजण्याइतके. पिनरचे इंग्लिश रहिवासी याबाबतीत आमच्यापुढे आहेत. गावाच्या इतिहास मंडळाने वर्षानुवर्षं कागद, नकाशे, आठवणी गोळा केल्या आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, म्हणजे या तिन्ही थिएटरांपेक्षा वयाने मोठं. नाटकांच्या आणि गणेशोत्सवांच्या स्मरणिका त्याच्या सभासदांकडे आहेत. सिनेमाला जाणं हा कार्यक्रमच वाटला नाही, म्हणून त्याची स्मरणिका कुणी काढली नाही.

मराठी सिनेमाची इथली रीत तर आणखी विरळ. कुणीतरी उत्साही माणूस मल्टिप्लेक्सचा एक पडदा रविवारी सकाळी भाड्याने घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नावं मागवतो, पुरेशी झाली की खेळ पक्का, नाही तर पैसे परत. अकरा वाजता आपण दोनशे जण एका काळोख्या खोलीत एकाच विनोदाला हसतो, दीड वाजता त्याच खोलीत दुसरा सिनेमा सुरू होतो. नंतर कुणीही लगेच घरी जात नाही. पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडतात, वड्यांचे डबे निघतात, सिनेमापेक्षा लांब गप्पा होतात आणि गाडीत बसलेली मुलं हॉर्न वाजवून आईबाबांना बोलावत राहतात. ड्राइव्ह-इन म्हणून आमच्या वाट्याला आलं ते एवढंच, आणि त्याचीही कुठे नोंद नाही.

पुस्तिकेत लँगहॅमबद्दलचा भाग सर्वांत छोटा आहे, याचं कारण आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. त्याला भारतीय प्रेक्षक फारसा लाभला नाही. पंचेचाळीस वर्षं चाललेल्या थिएटरला आठ पानं कमी आहेत, पण ती उगाच फुगवलेली नाहीत. ग्रोव्हनर आणि सफारी यांना अधिक जागा मिळाली आहे. बांधकामाचे तपशील ज्यांना कंटाळवाणे वाटतात त्यांनी सरळ सफारीपासून सुरुवात करावी.

एक विनंती. सफारीची, हिमालय पॅलेसची किंवा त्याआधी शनिवार-रविवारी भाड्याच्या थिएटरांत होणाऱ्या हिंदी-मराठी खेळांची तिकिटं, हँडबिलं, फोटो तुमच्याकडे असतील तर त्यांच्या मागे साल, जागा आणि सिनेमाचं नाव पेन्सिलीने लिहा. साल नक्की आठवत नसेल तर अंदाजे लिहा आणि अंदाज आहे असंही लिहा. मूळ वस्तू स्वतःकडेच ठेवा, नक्कल आम्हाला द्या आणि एक हॅरोच्या हेडस्टोन मॅनर संग्रहालयालाही देऊ करा. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना हे आधी विचारा. आमच्या हाताशी आलेली बहुतेक माहिती त्यांच्याचकडून आली आहे.